मोठ्या भूकंपानंतरचे दावे कसे तपासावेत आणि त्या वादात कसे बोलावे

मोठा भूकंप झाला की ढिगाऱ्याखाली माणसांचा शोध चालू असतानाच त्याच्या कारणांचा आणि परिणामांचा वाद सुरू होतो. धरणामुळे झाला, खाणींमुळे झाला, बिल्डरांनी माणसे मारली, शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होते, मृतांचा आकडा दडवला जात आहे, असे सारे एकाच दिवशी कानावर पडते. यांतले काही दावे पुढे खरे ठरतात. म्हणून सगळेच अफवा म्हणून झटकून टाकणे जितके चूक, तितकेच ऐकलेले सगळे पुढे सांगत सुटणेही चूक आहे. अशा दाव्यांची पारख कशी करावी आणि त्यावर स्वतः बोलायचे असल्यास कोणती पथ्ये पाळावीत, हे येथे मांडले आहे.

दावा नेमका कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे?

सर्वांत आधी दावा कागदावर एका वाक्यात लिहून काढावा आणि तो पुढील चारपैकी कोणत्या प्रश्नाला उत्तर देतो ते पाहावे. जमिनीखालचा खडक का सरकला? धक्का याच ठिकाणी इतका तीव्र का जाणवला? इमारती का कोसळल्या? आणि धक्का थांबल्यावरही माणसे का मरत राहिली? पहिल्या प्रश्नाचा पुरावा भूकंपमापकांच्या नोंदींत असतो, दुसऱ्याचा मातीच्या थरांत, तिसऱ्याचा नकाशे, परवाने, काँक्रीट आणि लोखंडात, तर चौथ्याचा रुग्णालयांच्या आणि मदतकार्याच्या नोंदींत. माझ्या पाहण्यात या वादांतला बहुतेक गोंधळ एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्याला जोडल्यामुळे होतो. ‘भूकंप नैसर्गिक होता’ हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. ते तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे केले जाते, तेव्हा कोणाची तरी जबाबदारी हळूच पुसली जात असते.

हा फरक नवा नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने उद्ध्वस्त झाली आणि ईश्वराने हे का होऊ दिले यावर युरोपभर वाद पेटला. तेव्हा फ्रेंच भाषेत लिहिणारे विचारवंत रूसो यांनी दुसरे विचारवंत व्हॉल्तेअर यांना लिहिलेल्या पत्रात निदर्शनास आणून दिले की, त्या जागी सहा-सहा, सात-सात मजल्यांची वीस हजार घरे काही निसर्गाने एकत्र उभी केली नव्हती.

आकडे वाचताना

भूकंपाची तीव्रता पहिल्या काही तासांत वेगवेगळ्या संस्था वेगवेगळी सांगतात आणि पुढे त्यात सुधारणाही करतात. यात लपवाछपवी नसते; दूरच्या केंद्रांच्या नोंदी येत जातात तशी गणना नेमकी होत जाते. मापनश्रेणीवर एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते, हेही ध्यानात ठेवावे, कारण ‘७ आणि ८ मध्ये काय मोठा फरक’ असे वाक्य वादात सहज येऊन जाते.

मात्र भूकंपाने किती ऊर्जा सोडली आणि एखाद्या गल्लीत जमीन किती हादरली, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चजवळ ४ सप्टेंबर २०१० रोजी पहाटे ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा त्यात थेट कोणी दगावले नाही. त्यानंतर २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी त्याहून लहान, सुमारे ६.२ तीव्रतेचा धक्का बसला, पण तो उथळ होता, शहराच्या अगदी जवळ होता आणि माणसे कामावर होती. त्यात १८५ जण गेले. अंतर, खोली, वेळ आणि वार यांनी किती फरक पडतो ते यावरून दिसते. नेपाळचा २५ एप्रिल २०१५ चा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास झाला आणि शाळांना सुट्टी होती, यामुळे किती मुले वाचली असतील याचा विचारही अंगावर काटा आणतो.

म्हणून दोन भूकंपांची तुलना करणारा दावा समोर आला की या चारही गोष्टी विचाराव्यात. २०१० मध्ये हैतीत ७.० तीव्रतेच्या भूकंपाने लाखाच्या घरात माणसे गेल्याचे मानले जाते, तर त्याच वर्षी चिलीत ८.८ तीव्रतेच्या, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने सुमारे ५०० पट मोठ्या भूकंपात सुमारे सव्वापाचशे. चिलीतील बांधकामाचे नियम आणि त्यांची अंमलबजावणी हे यामागचे मोठे कारण आहे, यात शंका नाही. परंतु हैतीतील भूकंपाचे केंद्र राजधानीच्या अगदी जवळ होते, हे न सांगता केलेली तुलना अर्धीच राहते.

‘हा भूकंप माणसाने घडवला’

हा दावा हसण्यावारी नेऊ नये, कारण काही वेळा तो खरा असतो. कोयनेचा शिवाजीसागर जलाशय १९६२ पासून भरू लागला, त्यानंतर परिसरात लहान धक्के वारंवार जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप होऊन सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. जलाशय आणि भूकंप यांचा संबंध दाखवणाऱ्या जगातील सर्वांत ठळक उदाहरणांत आज कोयनेची गणना होते, ती कोणी ठासून सांगितले म्हणून होत नाही. धक्के जलाशयाच्या परिसरातच एकवटलेले होते, पाणी भरल्यानंतर ते वाढले आणि पाण्याच्या पातळीतील चढउताराशी त्यांचे नाते पुढची अनेक दशके नोंदले गेले, म्हणून होते.

दावा तपासताना याच तीन कसोट्या लावाव्यात: जागा, वेळ आणि पुन्हापुन्हा दिसणारे नाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरही जवळच्या जलाशयाकडे बोट दाखवले गेले. पण तेथे तो संबंध कोयनेइतका निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. याउलट दक्षिण कोरियातील पोहांग येथे १५ नोव्हेंबर २०१७ रोजी ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा भूगर्भातील उष्णतेपासून वीज निर्माण करण्याच्या प्रकल्पात खोलवर पाणी सोडल्यामुळे त्याला चालना मिळाली, असा निष्कर्ष सरकारने नेमलेल्या पथकानेच मार्च २०१९ मध्ये काढला. येथे ‘चालना मिळाली’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. खडकात ताण आधीपासून साठलेला असतो. पाण्याचा दाब प्रस्तरभंगाला, म्हणजे खडकातील मोठ्या भेगेला, सरकण्यास निमित्त देतो. ‘धरणाने भूकंप निर्माण केला’ असे लिहिले की विरोधकाला खोडून काढायला सोपे वाक्य मिळते आणि मूळचा खरा मुद्दाही त्याबरोबर वाहून जातो.

ग्रहांची युती, गुप्त शस्त्रे आणि आकाशातील प्रकाश यांवर आधारलेले दावे या कसोट्यांपुढे टिकत नाहीत. भाकितांसाठी आणखी एक कसोटी आहे. जागा, वेळ आणि तीव्रता या तिन्हींच्या मर्यादा आधीच जाहीर केल्या होत्या का, आणि त्याच माणसाची चुकलेली भाकिते किती, असे विचारावे. जगात ७ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला सरासरी पंधराच्या आसपास होतात, त्यामुळे ‘लवकरच या पट्ट्यात मोठा भूकंप होईल’ हे वाक्य कधी ना कधी खरे ठरतेच. चीनमध्ये १९७५ साली हायचेंग येथे पूर्वधक्के पाहून लोकांना बाहेर काढले गेले आणि अनेकांचे प्राण वाचले. पुढच्याच वर्षी तांगशान येथे मात्र तशी कोणतीही सूचना देता आली नाही आणि अधिकृत आकड्यानुसार २ लाख ४२ हजार माणसे गेली.

दैवी शिक्षेच्या दाव्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार-नेपाळ भूकंपानंतर गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे म्हटले. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात रवींद्रनाथ टागोर त्यांच्याच बाजूचे होते, तरी त्यांनी जाहीर हरकत घेतली: भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात, आणि असा युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांच्या मनोवृत्तीलाच अधिक शोभतो. भूकंप ही शिक्षा आहे असे एकदा मानले की ती कोणत्या पापाची, हे जो तो आपल्या सोयीने ठरवू शकतो. मला यात टागोरांइतकीच गांधीजींची वागणूकही शिकण्यासारखी वाटते. त्यांनी ती हरकत ‘हरिजन’मध्ये स्वतः छापली आणि सोबत आपले उत्तर दिले. ज्याच्याशी वाद घालायचा त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत आधी मांडावे, ही सवय आजच्या वादांत क्वचित दिसते.

इमारत का पडली, हे विचारताना

किल्लारीत मध्यरात्रीनंतर, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या; त्यांतील अनेकांचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेला होता, म्हणजे वरचे सारे वजन भिंतींचा आधार नसलेल्या खांबांवर होते. त्यामुळे ‘जुने बांधकाम पडते, नवे टिकते’ हे सरसकट विधान टिकत नाही.

अशा वेळी ‘भ्रष्टाचार झाला’ असे म्हणून थांबू नये. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांत फरक होता का, खांबांतील उभ्या सळ्यांना बांधणाऱ्या लोखंडी रिंगा किती अंतरावर होत्या आणि त्यांची टोके आत वळवलेली होती का, नंतर मजला चढवला का, दुकानासाठी खांब किंवा भिंत काढली का, भोगवटा प्रमाणपत्र कोणी आणि कशावरून दिले, असे प्रश्न विचारावेत. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपांनंतर २०१८ ची बेकायदा बांधकामे नियमित करणारी योजना वादाच्या केंद्रस्थानी आली, ती अशाच नेमक्या प्रश्नांमुळे.

ढिगारा उचलला की पुरावाही जातो, त्यामुळे छायाचित्रे आणि काँक्रीटचे नमुने आधी घेतले जावेत ही मागणी पहिल्याच आठवड्यात करावी लागते. बचावकार्यात तिने अडथळा येणार नाही, एवढी काळजी मात्र घ्यावी.

उभ्या राहिलेल्या इमारतीवरूनही घाईने निष्कर्ष काढू नये. १९८५ मध्ये मेक्सिको शहर केंद्रापासून ३५० किलोमीटर दूर असूनही जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर वसलेल्या भागाने कंपने कित्येक पट वाढवली, आणि त्या कंपनांच्या तालाशी जुळणाऱ्या मध्यम उंचीच्या इमारतींना सर्वाधिक फटका बसला. शेजारची ठेंगणी इमारत वाचली, यावरून तिचा बांधणारा प्रामाणिक होता असे सिद्ध होत नाही.

मृतांचा आकडा

हैतीत सरकारने सांगितलेला आकडा ३ लाखांच्या वर होता. स्वतंत्र अंदाज त्याहून पुष्कळ कमी होते. अशा ठिकाणी एक आकडा निवडून त्यासाठी भांडण्यापेक्षा कोणी, कधी आणि कशा प्रकारे मोजले ते लिहावे. जपानमध्ये कुमामोतोच्या २०१६ च्या भूकंपात थेट ५० माणसे दगावली, पण नंतर निवाऱ्यांतील हाल, गाडीत काढलेल्या रात्री आणि खंडित उपचार यांमुळे झालेले २०० हून अधिक मृत्यू भूकंपाशी संबंधित म्हणून नोंदले गेले. जेथे अशी नोंदच होत नाही, तेथे ही माणसे कोणत्याच आकड्यात येत नाहीत.

स्वतः बोलताना

शास्त्रज्ञांवर आरोप करण्यापूर्वी त्यांनी नेमके काय म्हटले ते मिळवून वाचावे. इटलीतील लाक्विला येथे ६ एप्रिल २००९ च्या भूकंपात ३०९ जण गेल्यावर सहा शास्त्रज्ञ आणि एक सरकारी अधिकारी यांना २०१२ मध्ये शिक्षा झाली. २०१४ च्या अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले आणि अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली. भाकीत केले नाही म्हणून खटला झाला, असे जगभर सांगितले गेले. खरा आरोप मात्र असा होता की, धोक्याचे मूल्यमापन वरवर करून लोकांना पोकळ दिलासा दिला गेला. या दोन आरोपांत फार मोठे अंतर आहे.

एखाद्या समाजाकडे किंवा परक्या लोकांकडे बोट दाखवणारा संदेश आला, तर तो तेथेच थांबवावा. जपानमध्ये १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर कोरियन लोक विहिरींत विष टाकत आहेत अशी अफवा पसरली आणि हजारो निरपराध कोरियन मारले गेले.

शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे आहे आणि ते करणारे फार थोडे असतात. चौकशीचे निष्कर्ष येईपर्यंत वाद विझलेला असतो. पोहांगचा निष्कर्ष सोळा महिन्यांनी आला. क्राइस्टचर्चमधील सीटीव्ही ही एकच इमारत पडून ११५ माणसे गेली होती. तिच्या आराखड्यातच दोष होते आणि तिला परवाना मिळायलाच नको होता, हे चौकशी आयोगाने २०१२ मध्ये सांगितले. म्हणून चौकशी जाहीर होईल त्याच दिवशी तिची मुदत वहीत लिहून ठेवावी, मुदत संपली की अहवाल मागावा, त्यातील शिफारशी एकेक करून उतरवून घ्याव्यात आणि भूकंपाच्या प्रत्येक स्मृतिदिनी त्यांपैकी किती अमलात आल्या हे संबंधित कार्यालयाला लेखी विचारावे.