लर्विकच्या "अप हेली आ"ला जायचंय? मग आधी हॉलचं तिकीट बघा

स्कॉटलंडच्याही पार वर शेटलंड बेटं आहेत, तिथल्या लर्विक गावात जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी "अप हेली आ" हा मशालींचा, आगीचा सण असतो. वादळ येवो बर्फ पडो, हवामानासाठी पुढे ढकलत नाहीत, कोविडमुळे मात्र २०२१ आणि २०२२ ला झाला नाही. "हजार वर्षांची वायकिंग परंपरा" असे रील्स फिरतात ते सोडून द्या. बेटं १४६९ पर्यंत नॉर्वेकडे होती हे खरं, पण हा प्रकार एकोणिसाव्या शतकातला. आधी पोरं रात्री पेटलेली डांबराची पिंपं गल्ल्यांतून ओढायची, त्यावर बंदी आली, मग मशालींची मिरवणूक आली आणि वायकिंग धाटणीचं लाकडी जहाज जाळायला सुरुवात झाली १८८९ ला.

जायचं कसं, तर अॅबरडीनहून रात्रीची बोट, बारा-चौदा तास लागतात आणि उत्तर समुद्र हिवाळ्यात पोटातलं सगळं बाहेर काढतो, गोळी घेऊन झोपा. विमान समबराला उतरतं, तिथून लर्विक साधारण चाळीस किलोमीटर. दोन्ही हवामानामुळे रद्द होऊ शकतात म्हणून रविवारीच पोचा. भारतातून येणार असाल तर यूकेचा नेहमीचा व्हिजिटर व्हिसा चालतो. राहायची सोय मात्र कित्येक महिने आधी करा, गाव छोटं आहे.

मंगळवारी सकाळी लवकर उठून मार्केट क्रॉसला जा. तिथे "बिल" लावलेलं असतं, म्हणजे रंगवलेला भलामोठा फलक, त्यावर गावातल्या लोकांची, कौन्सिलची यथेच्छ टिंगल. निम्मे जोक बाहेरच्याला कळत नाहीत, शेजारच्या आजोबांना विचारा, खुशीत सांगतात. मग त्या वर्षीचा गायझर यार्ल, म्हणजे सोहळ्याचा नायक, आणि त्याचं पथक चिलखत, ढाली, कुऱ्हाडी घेऊन फिरतं. या मानासाठी माणूस कमिटीत पंधराएक वर्षं थांबलेला असतो बरं का. लर्विकच्या पथकांत बायकांना यायला मिळालं ते थेट २०२३ पासून, हे जरा उशिराच झालं असं माझं मत.

संध्याकाळी साडेसातला रस्त्यावरचे दिवे बंद होतात, रॉकेट उडतं आणि हजाराच्या आसपास मशाली एकदम पेटतात. सातच्या आतच किंग हॅरल्ड स्ट्रीटला जागा धरा, आणि वारा कुठून येतोय बघून त्याच बाजूला उभे रहा, कारण वारा जिकडे वाहतोय तिकडे उभं राहिलात तर धूर आणि ठिणग्या सरळ अंगावर. मशाल म्हणजे लाकडी दांडक्याला पॅराफिनमध्ये भिजवलेलं गोणपाट, ते जळताना ठिबकतं, त्यामुळे नायलॉनचं महागडं जॅकेट घालू नका, भोकं पडतात. जुना लोकरी कोट बेस्ट. बूट वॉटरप्रूफ हवेत. मिरवणूक मैदानात जाते, मशालवाले जहाजाभोवती गोल फिरतात, यार्ल जहाजातून खाली उतरतो, बिगुल वाजतो आणि सगळ्या मशाली जहाजावर. होळीसारखी प्रदक्षिणा घालायला मिळेल असं समजू नका, लोकांना कुंपणाबाहेरच उभं राहावं लागतं. लाकडी जहाज, चार महिने खपून बांधलेलं, बघता बघता भडकतं आणि एवढं झालं की बहुतेक पर्यटक हॉटेलवर जातात.

खरा सण तिथून पुढे. गावातले डझनभर हॉल रात्रभर उघडे असतात आणि प्रत्येक पथक, चाळीसच्या वर आहेत, एकेक करून प्रत्येक हॉलला येऊन नाच किंवा विनोदी नाटुकलं करून जातं, मग प्रेक्षकांना धरून नाचायला उठवतं. सकाळी आठपर्यंत हेच. मधेमधे खारवून वाळवलेल्या मटणाचं सूप आणि बॅनक, म्हणजे जाडसर भाकरीसारखा पाव. पण हॉलमध्ये तिकिटाशिवाय जाता येत नाही आणि बरीच तिकिटं ओळखीतून जातात, म्हणून टाउन हॉलच्या तिकिटांची चौकशी आधीच करा. नाच येत नसेल तरी बसून राहू नका, कोणीतरी ओढतंच.

बुधवारी गावाला सुट्टी, दुकानं बरीचशी बंद, तेव्हा ब्रेड-दूध सोमवारीच आणून ठेवा आणि परतीची बोट गुरुवारची घ्या.