मॉडेलच्या फोटोंसाठी कॅमेरा: दुकानात जाण्याआधीची तयारी

कॅमेऱ्याच्या दुकानाची पायरी चढण्याआधी मॉडेलचं, म्हणजे विमानं-रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींचं, कपाट उघडा आणि फूटपट्टी घेऊन बसा. कोणता कॅमेरा घ्यायचा याचं निम्मं उत्तर त्या कपाटात असतं, उरलेलं निम्मं तुमच्या टेबलावर आणि खिडकीत. दुकानात फक्त पैसे द्यायचे असतात.

माझं कपाट मिग-२१ या लढाऊ विमानाच्या मॉडेलांनी भरलेलं आहे. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात ही विमानं बनायची, तेव्हा आमच्याकडच्या पोरांना विमान म्हटलं की तेच डोळ्यांपुढे येणार. म्हणून उदाहरण त्याचंच घेतो. १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागात, मिग-२१ बिसची लांबी साधारण २० सेंमी भरते आणि पंखांचा पल्ला जेमतेम १० सेंमी. चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा धरली तर अख्ख्या विमानासाठी २५ सेंमी रुंदीची चौकट लागेल. कॉकपिटमधली सीट आणि डायल दाखवायचे असतील तर साडेतीन सेंमीची. हे दोन आकडे वहीत लिहा: तुमची सगळ्यात मोठी चौकट आणि सगळ्यात छोटी. १/३५ चा रणगाडा करणाऱ्याचे आकडे वेगळे येतील, एचओ गेजची (१/८७ ची) रेल्वे मांडणाऱ्याचे आणखी वेगळे. दिवाळीतल्या किल्ल्यावरच्या मावळ्यांचे फोटो काढायचे असतील तरी हाच उद्योग करायचा.

आता कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात ‘मॅक्सिमम मॅग्निफिकेशन’ हा आकडा शोधा, म्हणजे वस्तू सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या चिपवर) खऱ्या आकाराच्या जास्तीत जास्त किती पट उमटते. खोक्यावरच्या मॅक्रोच्या, म्हणजे जवळून फोटो काढायच्या, फुलाच्या चिन्हाकडे बघू नका, ते फूल सगळ्यांच्याच खोक्यावर उमललेलं असतं. सेन्सरच्या रुंदीला त्या आकड्याने भागलं की जवळात जवळ गेल्यावर किती रुंद चौकट मिळते ते कळतं. एपीएस-सी सेन्सर साधारण साडेतेवीस मिमी रुंद असतो, कॅननचा किंचित कमी. डीएसएलआरसोबत (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यासोबत) येणाऱ्या १८-५५ मिमी लेन्सच्या बऱ्याच आवृत्त्या ०.३ पटींच्या पुढे जातात, म्हणजे सहा-सात सेंमीची चौकट झाली. बिनआरशाच्या मिररलेससोबत येणाऱ्या चपट्या १६-५० मिमी लेन्स मात्र ०.२ च्या आसपास थांबतात, तिथे अकरा-बारा सेंमी. दोन्हींत अख्खं विमान आरामात बसतं, कॉकपिट एकातही भरत नाही. मॅक्रो लेन्सशिवाय मॉडेलचे फोटो निघतच नाहीत असं जे सांगतात त्यांनी हा भागाकार केलेला नसतो. कॉकपिटसाठी एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसवायच्या पोकळ नळ्या, घ्या. लेन्सच्या मानाने त्या किरकोळ किमतीत मिळतात, फक्त विजेचे संपर्कबिंदू असलेल्याच घ्या, नाहीतर बहुतेक लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक) कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही. ५० मिमी लेन्सच्या मागे २५ मिमीची ट्यूब लावली की अर्ध्या पटीची भर पडते.

खरी मेख खोलीची आहे, म्हणजे डेप्थ ऑफ फील्डची: पुढून मागे किती पट्टा शार्प दिसतो त्याची. विमान तिरकं ठेवलं की नाकापासून शेपटीपर्यंत चौदा-पंधरा सेंमी अंतर कॅमेऱ्याच्या दिशेने पडतं. नाक शार्प आणि शेपूट धुक्यात, असा फोटो दिसला की हे खेळणं आहे हे बघणाऱ्याला लगेच कळतं. धावपट्टीवरच्या खऱ्या विमानाचा फोटो लांबून काढलेला असतो आणि त्यात बहुधा शेपटीवरचा नंबरसुद्धा वाचता येतो. २५ सेंमीच्या चौकटीचा ढोबळ हिशेब मांडून ठेवलाय. मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/११ ला (एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक बारीक) सुमारे साडेतीन सेंमी पट्टा शार्प मिळतो. एपीएस-सीवर साडेपाच, त्याहून छोट्या सेन्सरच्या मायक्रो फोर थर्ड्सवर सात-साडेसात. करंगळीच्या नखाएवढा सेन्सर असलेल्या कॉम्पॅक्टवर एफ/८ लाच दहाच्या आसपास. म्हणजे दुकानदार कौतुकाने ज्या महागड्या फुल फ्रेमकडे बोट दाखवेल, तो या कामात मागे पडतो. एफ/२२ ला जाऊन तो हिशेब भरून काढू शकतो, पण मग प्रकाश चौपट लागतो, शिवाय अ‍ॅपर्चर इतकं बारीक झालं की सगळा फोटोच किंचित मऊ पडतो. एपीएस-सीवर मी एफ/११ ते एफ/१६ च्या पुढे जात नाही.

यावर एक स्वस्तातली युक्ती आहे: मागे सरका. कॅमेरा दुप्पट अंतरावर न्या आणि नंतर फोटो कापा. कापून झाल्यावरही शार्प पट्टा साधारण दुप्पट उरतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा केला तरी ६ मेगापिक्सेल हातात राहतात आणि स्क्रीनवर दाखवायला २ सुद्धा पुरतात. मेगापिक्सेलचा मला दिसलेला खरा उपयोग एवढाच.

दुसरा मार्ग फोकस स्टॅकिंगचा. नाकापासून शेपटीपर्यंत फोकस थोडा थोडा सरकवत दहा-पंधरा फोटो काढायचे आणि हेलिकॉन फोकस, झिरीन स्टॅकर किंवा फोटोशॉपमध्ये त्यांचा एक करायचा. हाताने रिंग फिरवूनही जमतं. पण कॅमेऱ्यातच ही सोय असली तर रविवारची दुपार वाचते. कॅनन त्याला फोकस ब्रॅकेटिंग म्हणतं, निकॉन फोकस शिफ्ट. निकॉनने ती २०१७ च्या डी८५० मध्ये आणली, कॅननने २०१९ च्या ईओएस आरपीमध्ये. नव्या मिररलेसमध्ये ती बऱ्याच ठिकाणी असते, स्वस्त कॅमेऱ्यात मात्र माहितीपत्रकात नाव वाचून खात्री करा. ऑलिम्पसचे टफ टीजी-५, टीजी-६ हे पाण्यात चालणारे छोटे कॅमेरे तर स्टॅक करून एक फोटोच हातात देतात आणि लेन्सपासून १ सेंमीवर फोकस करतात. त्यांच्यात पूर्ण मॅन्युअल मोड नाही, हे मनाशी धरून घ्यावं.

कॉम्पॅक्टचं कौतुक केलं म्हणून त्याची खोडही सांगायला हवी. ‘१ सेंमी मॅक्रो’ बहुधा झूम पूर्ण मागे, वाइड टोकाला असतानाच चालतो. तिथे नाक सुजतं, शेपूट आखडते, मिगचं वांगं होतं. वर लेन्सची सावली मॉडेलवर पडते ती वेगळीच. माझ्या पहिल्या कॉम्पॅक्टने तर कहर केला. विमानाचं नाक लेन्ससमोर दोन बोटांवर आणून ठेवलं होतं. बॅटरी वाचवायची म्हणून कॅमेरा बंद केला, चहा घेऊन आलो आणि पुन्हा चालू केला. लेन्सची नळी घरघरत बाहेर आली आणि नाकावरच्या पिटॉट ट्यूबला (वेग मोजायच्या बारीक नळीला) सरळ जाऊन भिडली. इंजेक्शनची सुई घासून केलेली ती नळी टेबलाखाली गेली, ती अजून सापडलेली नाही. तेव्हा वहीत तिसरी नोंद करा: लेन्सच्या काचेपासून मॉडेलपर्यंत किती जागा उरते? माहितीपत्रकात दिलेलं किमान फोकस अंतर बहुतेक सेन्सरपासून मोजलेलं असतं, काचेपासून नव्हे. निकॉनच्या ४० मिमी मॅक्रो लेन्सचं ते अंतर १६.३ सेंमी लिहिलेलं आहे, पण त्यातले बरेच सेंमी कॅमेरा आणि लेन्सच खातात, समोर दोन-तीन बोटं उरतात. तेवढ्यात दिव्याचा प्रकाश आत शिरायचा कुठून? ९०-१०० मिमीची मॅक्रो लेन्स महाग असली तरी म्हणूनच परवडते.

चौथी नोंद उंचीची. माणसाचा डोळा जमिनीपासून १.६ मीटरवर धरला तर १/७२ मध्ये तो २२ मिमीवर येतो, एचओमध्ये १८ मिमीवर. लेन्सचा मध्य तिथे आणता आला तर मॉडेल खरं वाटायला लागतं. वरून काढलेला फोटो हेलिकॉप्टरमधून काढल्यासारखा दिसतो. डीएसएलआर टेबलावर नुसता ठेवला तरी त्याच्या लेन्सचा मध्य याहून वर असतो. मग मॉडेल टेबलाच्या कडेला आणायचं आणि ट्रायपॉड टेबलाच्या खाली उतरवायचा. यासाठी वर-खाली वळणारा स्क्रीन पाहिजेच, नाहीतर पहिल्याच तासात मान धरते. रेल्वेच्या मांडणीत, फलाट आणि डब्यांच्या मधे, मोठा कॅमेरा शिरतच नाही. तिथे मोबाइल उलटा धरा, लेन्स खाली येईल असा. रुळांच्या पातळीवरून गाडी अंगावर येताना दिसते. २००० ते २००२ च्या दरम्यान निकॉनचे कूलपिक्स ९९०, ९९५ आणि ४५०० हे मधोमध पिळता येणारे कॅमेरे आले होते. तीन-चार मेगापिक्सेल, पण २ सेंमीवर फोकस आणि लेन्स हवी तशी वळायची. असल्या कामाला तो घाट आजही मला सगळ्यात सोयीचा वाटतो, पण आता कुणी बनवत नाही.

बाकीची यादी भरभर होते. अ‍ॅपर्चर आपल्या हाताने ठरवता आलं पाहिजे, मॅन्युअल फोकस पाहिजे आणि फोकस करताना स्क्रीनवरचं चित्र मोठं करून बघता आलं पाहिजे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन हवं, कारण पांढऱ्या कार्डशीटवर ठेवलेलं मॉडेल कॅमेरा काळपट काढतो, त्याला एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वर ढकलावं लागतं. पांढरा कागद दाखवून व्हाइट बॅलन्स ठरवायची सोय हवी. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र आले की तीन कोट मारून जुळवलेला राखाडी रंग एका बाजूने निळा आणि दुसऱ्या बाजूने हिरवट दिसतो, म्हणून फोटोच्या वेळी एकच जातीचे दिवे लावा आणि खिडकीला पडदा. रॉ फाइल (सेन्सरवरचा कच्चा फोटो), दोन सेकंदांचा टायमर, खाली ट्रायपॉडचा स्क्रू बसायची जागा. अंगचा फ्लॅश असला काय, नसला काय. तो डिकलच्या (मॉडेलवर चिकटवलेल्या चिन्हांच्या) कडा चमकवतो आणि तुमची चूक जगजाहीर करतो. दोन टेबललॅम्प आणि त्यांच्यापुढे बटर पेपर, एवढ्यावर माझं भागतं. स्वस्त एलईडी लुकलुकतात आणि फोटोत पट्टे येतात, ते आले तर शटर १/५० सेकंद किंवा त्याहून संथ ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. आणि पंखा बंद करा. एक सेकंदाच्या शटरमध्ये छताच्या पंख्याचा वारा विमानाची अँटेना हलवतो, हे मला वीस-पंचवीस फोटो फुकट घालवल्यावर समजलं.

एक सेकंदाचं शटर चालतं, कारण मॉडेल कुठे पळून जात नाही. त्यावरून यादीतून काय काय काढून टाकता येतं ते बघा: अंधारात चालणारा आयएसओ, सेकंदाला वीस फोटो, डोळा ओळखणारा ऑटोफोकस, फोर-के व्हिडिओ. हे सगळं ज्यासाठी पैसे मोजले जातात, ते आपल्याला नको आहे. म्हणून माझं मत सेकंडहँड एपीएस-सी डीएसएलआरच्या बाजूने पडतं आणि उरलेले पैसे लेन्स आणि ट्रायपॉडकडे. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे फोटो काढण्याआधी चित्र स्क्रीनवर बघायची सोय, आहे ना, एवढं पाहा. निकॉनच्या डी३००० मध्ये तो नाही, त्यानंतरच्या डी३१०० मध्ये आहे. मुंबईत असाल तर फोर्टातल्या बोरा बाजारात एक चक्कर मारा. जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून आतली काच बघा. कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे कपाटात काढलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसू शकते. ती दिसली की किंमत कितीही उतरवली तरी हात जोडून बाहेर पडावं. सेन्सरवरची धूळ बघायला एफ/१६ लावून पांढऱ्या कागदाचा एक फोटो काढा. एरवी लपणारे डाग आपल्याच अ‍ॅपर्चरवर नेमके उमटतात. घरी आणल्यावर लेन्स सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवा.

आता पिशवी भरा. एक मॉडेल घ्या, पण लाडकं नको. कॅनपीवर (कॉकपिटवरच्या काचेवर) गोंदाचा डाग पडलेलं, मागच्या रांगेत बसवलेलं एखादं असतंच. ते पेढ्यांच्या खोक्यात कापूस घालून ठेवा. फूटपट्टी, वही, टॉर्च, गुंडाळलेली करडी कार्डशीट आणि स्वतःचं मेमरी कार्ड. दुकानात गर्दी नसेल अशी वेळ निवडा, मंगळवार-बुधवारची दुपार बरी. काउंटरवर कार्डशीट पसरा आणि प्रत्येक कॅमेऱ्यावर तेच तीन फोटो काढा: एफ/११ ला अख्खं विमान तिरकं, जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन कॉकपिट, आणि फूटपट्टी कॅमेऱ्याच्या दिशेला ४५ अंशांत टेकवून तिच्या मधल्या आकड्यावर फोकस. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळंच झकास दिसतं, तिथे निर्णय घेऊ नका. कार्ड खिशात टाका, ‘घरी विचारून येतो’ म्हणा आणि निघा.

घरी मोठ्या स्क्रीनवर फूटपट्टीचे फोटो शेजारी शेजारी लावा. मिलिमीटरच्या किती रेघा स्पष्ट मोजता येतात ते वहीत लिहा. पट्टी तिरकी होती, म्हणून त्या आकड्याला ०.७ ने गुणा, की खोली मिळाली. कॉकपिटच्या फोटोत डायलचे गोल वेगळे दिसतात की एकमेकांत मिसळतात तेही बघा. मी असं केलं तेव्हा दुकानदाराने शेवटी नाइलाजाने काढून दिलेला, रबर सुटायला आलेला जुना डीएसएलआर पहिला आला होता. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना मी शटरबाहेर उभा होतो.