मऊ अगारमध्ये ‘पळणारा’ ई. कोलाय निवडणे आणि त्याच्यातला बदल शोधणे

फिरण्यात मंद असलेला ई. कोलाय के-१२ (प्रयोगशाळेत वापरला जाणारा जिवाणूचा स्ट्रेन, म्हणजे वाण) मऊ अगारमध्ये, म्हणजे कमी अगारच्या पातळ जेलीत, दोन-तीन दिवस ठेवला, की गोल डागाच्या कडेतून पंख्यासारखा एखादा पट्टा बाहेर फुटतो. पट्टा दिसला म्हणजे उत्परिवर्तन हाती लागले, असे धरून थेट सीक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएचा क्रम वाचायला, जाऊ नका. आधी तो बदल पुढच्या पिढीत टिकतो का ते पाहा. टिकला, तर फ्लॅजेलाच्या, म्हणजे पोहण्याच्या शेपट्यांच्या, यंत्रात शोधण्याआधी ते यंत्र चालू-बंद करणाऱ्या जीनच्या स्विचमध्ये शोधा.

माध्यम साधे आहे. एका लिटरला ट्रिप्टोन १० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम आणि अगार २.५ ग्रॅम. ग्लुकोज अजिबात नको. ग्लुकोज असले की पेशीतला सायक्लिक एएमपी हा संदेशवाहक रेणू घटतो, स्विच बंद राहतो आणि चांगला पळणारा स्ट्रेनही जागेवर बसतो. १२१ अंशांवर १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह करा. बाहेर काढल्यावर बाटली हळूहळू गोल फिरवून अगार नीट मिसळा. तो तळाशी साचतो, आणि न मिसळता ओतले तर पहिल्या प्लेटी पातळ होतात, शेवटच्या घट्ट. ५० अंशांपर्यंत निवले की ९० मिमीच्या प्लेटमध्ये मोजून २५ मिली ओता. नजरेच्या अंदाजाने ओतू नका, जाडी बदलली की व्यासही बदलतो. सपाट जागी तासभर थिजू द्या आणि त्याच दिवशी वापरा. या प्लेटी कधीही उलट्या करायच्या नाहीत. अगार झाकणावर येतो.

अगारचा लॉट बदलला तर ०.२५ टक्क्यांचा घट्टपणाही बदलतो. नव्या डब्यासोबत ०.२२, ०.२५ आणि ०.३ अशा तीन प्लेटी करून पाहा. ०.५ टक्क्याच्या पुढे पेशी आत पोहत नाहीत, वेगळ्या प्रकारे पृष्ठभागावर सरकतात. तो प्रयोग वेगळा.

कल्चर ट्रिप्टोन ब्रॉथमध्ये ३० अंशांवर ०.५ ओडीपर्यंत (ओडी म्हणजे गढूळपणाचे माप) वाढवा. ३७ अंशांच्या वर फ्लॅजेला कमी बनतात, म्हणून इन्क्युबेटरही ३० वरच ठेवायचा. पिपेटचे टोक अगारच्या निम्म्या खोलीपर्यंत घाला आणि २ मायक्रोलिटर सोडत सोडत वर काढा. तळाला टोक टेकले तर पेशी प्लास्टिक आणि अगारमधल्या फटीतून पसरतात. थेंब वरच राहिला तर पृष्ठभागावर ओलसर पापुद्रा धरतो. दोन्ही वेळा व्यास मोठा दिसतो आणि दोन्ही वेळा तो खोटा. प्लेटी ओल्या टिश्यूसह डब्यात ठेवा.

सोबत दोन कंट्रोल हवेतच: चांगला पळणारा एक, आणि फ्लॅजेलिनचा जीन, म्हणजे एफएलआय-सी, पूर्ण काढलेला एक. दुसरा फार कामाचा. जीनच उरलेला नसल्याने तो पूर्वपदावर येऊ शकत नाही, त्यामुळे त्याच्यातून पट्टा फुटला तर ती भेसळच. तो केयो संग्रहातला (एकेक जीन काढलेल्या ई. कोलाय स्ट्रेनचा संच) असेल आणि त्यातला कॅनामायसिन या प्रतिजैविकाला तोंड देणारा मार्कर काढलेला नसेल, तर पट्ट्यातल्या पेशी कॅनामायसिनवर वाढवून पाहा. वाढल्या नाहीत तर बाहेरचा पाहुणा आहे.

पट्टा मिळाला की त्याच्या अगदी टोकाकडून नमुना घ्या. मुळाकडे मूळ स्ट्रेनच जास्त असतो. साध्या एलबी (नेहमीचे पोषक माध्यम) प्लेटवर एकल वसाहतींसाठी दोनदा रेघा ओढा, रात्रभर ब्रॉथमध्ये वाढवा, मग मूळ स्ट्रेन आणि नवा वाण एकाच मऊ प्लेटवर लांब लांब टोचा. आठ तासांच्या आत मोजा, नंतर दोन वर्तुळे एकमेकांचे अन्न खाऊ लागतात. एकाच व्यासावर विसंबू नका. ५ आणि ८ तासांचा व्यास घेऊन फरक काढा, कारण सुरुवातीचा रेंगाळण्याचा वेळ प्रत्येक टोचण्यात वेगळा पडतो. ब्रॉथमधली वाढही मोजा. नुसताच भराभर वाढणारा वाणही मोठे वर्तुळ देतो.

आता जीन. ई. कोलायमध्ये फ्लॅजेलासाठी पन्नासाच्या आसपास जीन आहेत आणि त्यांची उतरंड तीन पायऱ्यांची. वर एफएलएच-डीसी (एफएलएच-डी आणि एफएलएच-सी ही जोडी) हा मुख्य स्विच. तो चालू झाला की दुसऱ्या पायरीवर पायथा आणि हूक बनतात, शिवाय एफएलआय-ए हा सिग्मा घटक (पुढचे जीन वाचायला लावणारे प्रथिन) आणि त्याला धरून ठेवणारा एफएलजी-एम. हूक सुमारे ५५ नॅनोमीटरचा झाला, की एफएलजी-एम त्याच नळीतून पेशीबाहेर फेकला जातो. कुलूप स्वतःच दारातून बाहेर! मग मोकळ्या झालेल्या एफएलआय-एमुळे फ्लॅजेलिन, मोटर आणि रसायनाचा माग काढणारी प्रथिने बनतात. एका तंतूला फ्लॅजेलिनचे सुमारे २०,००० तुकडे लागतात. एवढा खर्च असल्याने पेशी स्विच दाबून ठेवते, आणि दाब उठवण्याच्या वाटा अनेक असतात. डझनावारी प्रथिनांचे यंत्र सुधारण्याच्या वाटा थोड्या.

म्हणून पहिला पीसीआर (डीएनएच्या एका भागाच्या प्रती वाढवणे) एफएलएच-डीच्या वरच्या भागाचा, यूएसपी-सी जीनपासून एफएलएच-डीच्या सुरुवातीपर्यंत. इथे आयएस-१ किंवा आयएस-५ हे जागा बदलणारे, ‘उडते’ डीएनए तुकडे येऊन बसतात आणि स्विच जोरात चालू होतो. आयएस-१ची लांबी ७६८ बेस, आयएस-५ची ११९५. एक टक्का अगारोज जेलवर मूळ स्ट्रेनशेजारी नवा वाण धाववला, की पट्टी पाऊण किंवा सव्वा किलोबेसने वर सरकलेली डोळ्यांना दिसते.

एक सापळा मात्र आहे. के-१२च्याच एमजी१६५५ या स्ट्रेनचा जो जीनोम संदर्भ म्हणून वापरतात, त्यात या जागी आयएस-१ आधीच बसलेला आहे. त्यावरून अपेक्षित लांबी काढली, तर तुमचा मंद मूळ स्ट्रेन ‘तुकडा गळालेला’ वाटेल आणि पळणारा ‘जसाच्या तसा’. एमजी१६५५ नावाखाली मंद आणि चपळ असे दोन्ही साठे फिरतात, त्यामुळे मूळ स्ट्रेनची पट्टी पहिल्याच दिवशी पाहून ठेवा. पट्टी सरकलीच नाही, तर हा भाग सीक्वेन्स करा आणि मग एलआरएच-ए हा दाबणारा जीन तपासा.

मुख्य स्विचच काढून टाकला तर? रेडिंग विद्यापीठातल्या गटाने स्युडोमोनास फ्लुओरेसेन्स या दुसऱ्या जिवाणूत एफएलई-क्यू हा तिथला मुख्य स्विच काढला आणि जिवाणू ९६ तासांत पुन्हा पोहू लागले (सायन्स, २०१५). आधी एनटीआर-बी बिघडून नायट्रोजनचा नियंत्रक एनटीआर-सी अतिउत्साही झाला, मग एनटीआर-सीच्याच डीएनए पकडणाऱ्या भागात बदल होऊन तो फ्लॅजेलाचे जीन चांगले चालवू लागला. एफएलई-क्यू आणि एनटीआर-सी एकाच कुळातले, म्हणून ही उसनवारी जमली. किंमत म्हणून नायट्रोजनचा हिशोब बिघडला. असा प्रयोग करणार असाल तर पहिल्या संथ पट्ट्यावर थांबू नका. त्याच्या टोकाकडून नव्या प्लेटवर टोचा आणि दुसरा, वेगवान पट्टा वेगळा ठेवा.

प्रत्येक पट्टा शुद्ध होताच १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा, मूळ स्ट्रेनच्या कुपीशेजारी. मऊ अगारवर फिरवत ठेवलेल्या वाणात पुढचे बदल साचत जातात, आणि मग पहिला बदल कोणता होता हे सांगायला कुपीच लागते.