फिट आली की बेल दाबायला कुत्र्याला कसे शिकवावे

फिट येण्याआधीच कुत्रा सांगेल, या आशेने बरेच जण कुत्रा आणतात. काही कुत्र्यांना ते कळते, पण ते शिकवायची खात्रीची रीत नाही. फिट आल्यावर काय करायचे, हे मात्र नक्की शिकवता येते. त्यातही सर्वांत उपयोगी काम म्हणजे बटण दाबून घरच्यांना बोलावणे. भुंकण्यावर विसंबू नका. पुण्यातल्या सोसायट्यांत खालची कुत्री भुंकली की घरातलाही भुंकतो, मग त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

कुत्रा वर्षाच्या पुढचा आणि दचकला तरी लगेच सावरणारा हवा. जरा लांबवर स्टीलचे ताट पाडून पाहा. तो बराच वेळ कोपऱ्यात दडून राहिला किंवा गुरगुरत आला, तर त्याला या कामाला लावू नका. घाबरलेला कुत्रा झटके येणाऱ्या माणसाला चावू शकतो.

वायरलेस बेल घ्या, तिची धून दाराच्या बेलपेक्षा वेगळी ठेवा. लॅब्राडोरसाठी बटण जमिनीपासून साधारण दीड फुटावर चिकटवा. नाक किंवा पंजा बटणाला लागला की उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा द्या. एका वेळी दोन-तीन मिनिटे पुरेत. दहापैकी आठ वेळा जमू लागले की ‘बेल’ हा शब्द जोडा.

आता घरातल्या कोणीतरी सतरंजीवर आडवे पडायचे, मग एका सेकंदाने ‘बेल’ म्हणायचे. पडणे आणि शब्द यांतले अंतर हळूहळू वाढवा. काही दिवसांनी कुत्रा शब्दाआधीच बटणाकडे जाईल. मग हातपाय हलवणे, घशातून आवाज काढणे जोडा. खाऊ पडलेल्याने द्यायचा नाही, बेल ऐकून धावत येणाऱ्याने द्यायचा. नाहीतर कुत्रा बटण सोडून पडलेल्याचे हात चाटत बसतो, आणि खऱ्या फिटमध्ये त्या हातांतून काही मिळत नाही.

एकाच सतरंजीवर, एकाच माणसाबरोबर सराव झाला तर कुत्रा तेवढेच शिकतो. जागा, माणसे, वेळ बदला. गणपतीत ढोल-ताशा वाजत असतानाही तो बटणापर्यंत जातो का, ते पाहा. खाऊसाठी उगाच बेल वाजवू लागला तर उठून बघा जरूर, पण खाऊ देऊ नका.

न्हाणीघराची कडी आतून लावू नका. बंद दाराआड काय झाले, ते कुत्र्याला दिसत नाही.

बेल वाजली की आधी घड्याळ बघा. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा. तोंडात काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा काडीचाही उपयोग नाही. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी फिट आली, तर १०८ला फोन करा. कुत्र्याला ‘जागेवर’ म्हणताच बाजूला जाऊन बसायलाही आधीच शिकवून ठेवा, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना तो आडवा येणार नाही.