केक पॉप काडीवरून का घसरतात? या चुका टाळा

केक मिक्सच्या पाकिटातून केक पॉप, म्हणजे केकचा चुरा क्रीममध्ये मळून वळलेले, काडीवर खोचून चॉकलेटमध्ये बुडवलेले गोळे, करणे सोपे आहे, कारण मैदा, साखर आणि बेकिंग पावडर यांचे प्रमाण आधीच जमवलेले असते आणि केक बिघडण्याची भीती फारशी उरत नाही. तरीही गोळे काडीवरून खाली सरकतात, वरच्या चॉकलेटला तडे जातात आणि दोष बहुधा चॉकलेटच्या वाट्याला येतो. प्रत्यक्षात गोळा चॉकलेटमध्ये बुडण्याआधीच बरेच काही ठरलेले असते: चुऱ्यात क्रीम किती पडले आणि बुडवताना गोळा किती थंड होता, या दोन गोष्टींवर सारे अवलंबून आहे.

सर्वांत जास्त नुकसान जादा क्रीममुळे होते. चुरा कोरडा वाटला की हात सैल सुटतो आणि मग गोळा जड, तेलकट व इतका मऊ होतो की काडी त्याला पेलू शकत नाही. 500 ग्रॅम भाजलेल्या केकच्या चुऱ्यात सुरुवातीला तीन मोठे चमचे बटरक्रीम (लोणी व पिठीसाखर फेटून केलेले क्रीम) घालून नीट मळावे आणि लाडू वळण्यापूर्वी पाहतो तसे मुठीत दाबून पाहावे. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि त्याला भेगा पडल्या नाहीत, तर आणखी काही घालण्याची गरज नाही. भेगा दिसल्या तर एकेक छोटा चमचा वाढवावा. बिनअंड्याचा केक पुष्कळदा मुळातच ओलसर असतो, त्याला याहूनही कमी क्रीम पुरते. बटरक्रीमऐवजी फेटलेले व्हिपिंग क्रीम वापरण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्यातल्या पाण्याने चुरा चिकट होतो आणि पदार्थ लवकर खराब होतो. घट्ट गनाश (चॉकलेट व क्रीमचे दाट मिश्रण) चालते.

केक पूर्ण निवण्याआधी कुस्करला तर त्याच्या उष्णतेने लोणी वितळते आणि मिश्रण तुपकट होते. कडेचा कडक, तपकिरी भागही काढून टाकावा, नाहीतर गोळ्यात टणक कण लागतात.

आता तापमान. साधारण 25 ग्रॅमचे गोळे वळून ते फ्रीजमध्ये तासभर ठेवावेत. घाईत फ्रीझरमध्ये ठेवून दगडासारखे गोठवलेले गोळे बुडवले, तर वरचे चॉकलेट क्षणात आवळून घट्ट होते, पुढे आतला गोळा खोलीच्या उष्णतेने प्रसरण पावतो आणि कवचाला तडा जातो. गोळा थंड व घट्ट हवा, गोठलेला नको. बुडवण्याआधी तो बाहेर काढून दोन-चार मिनिटे थांबणे हा या तड्यांवरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. याउलट गोळा कोमट राहिला तर चुरा सुटून चॉकलेटमध्ये पडतो.

काडीचे टोक सुमारे एक सेंटिमीटर वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून गोळ्यात अर्ध्यापर्यंतच खोचावे आणि ते चॉकलेट सुकू द्यावे. ही पायरी वगळली की काडी नुसती चुऱ्यात उभी राहते, तिला धरून ठेवणारे काहीच नसते.

घरगुती कामासाठी कंपाउंड चॉकलेट सोयीचे, कारण त्यात कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ असल्याने टेम्परिंग (चॉकलेट ठरावीक तापमानाला तापवून-निववून घट्ट व चकचकीत करणे) करावे लागत नाही. ते मायक्रोवेव्हमध्ये कमी शक्तीवर 20 ते 30 सेकंदांच्या टप्प्यांत, दर वेळी ढवळून वितळवावे. पांढरे चॉकलेट विशेष लवकर करपते. भांड्यात पाण्याचा थेंब राहिला तरी चॉकलेट दाटून त्याचे खडे होतात. म्हणूनच ते पातळ करायला दूध किंवा पाणी न घालता चमचाभर बिनवासाचे तेल घालावे आणि रंगही तेलात मिसळणारेच घ्यावेत.

चॉकलेट अरुंद, खोल ग्लासात भरावे. गोळा सरळ आत बुडवून सरळ वर काढावा आणि आत गोल फिरवू नये, कारण तेथेच तो काडीवर सैल होतो. जास्तीचे चॉकलेट झटकताना काडी ग्लासावर आपटण्याऐवजी पॉप धरलेल्या हाताच्या मनगटावर दुसऱ्या हाताने हलकेच थोपटावे. काडी व गोळा जेथे मिळतात तो भाग झाकला गेला पाहिजे. तेथे किंवा अन्यत्र बारीक छिद्र राहिले तर पुढे त्यातून तेल किंवा मऊ केक बाहेर येतो. नंतर पॉप थर्माकोलमध्ये उभे खोचून सुकवावेत.

कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत फ्रीजमधून काढलेल्या पॉपवर पाणी सुटून पृष्ठभाग चिकट होतो. त्यामुळे ते हवाबंद डब्यात ठेवावेत आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये.