एटीएममधून नोटा निघाल्या नाही पण खात्यातून पैसे कटले, मग काय करायचं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी-जावई येतात, सांजोऱ्या, आंबे, साड्या, सगळ्याला रोख लागते. २०२४ ला आखाजीच्या आठवडाभर आधी, ३ मेला, आमचे आबा चोपड्याला एटीएमवर दहा हजार काढायला गेले. मशीन घरघरलं, आत नोटा मोजल्याचा आवाजपण आला, पण बाहेर काहीच नाही, आणि मोबाईलवर मेसेज आला की १०,००० कटले. आबा घाबरून परत कार्ड टाकायला लागले, मागे उभ्या पोराने थांबवलं म्हणून बरं, नाहीतर अजून दहा अडकले असते. दुसऱ्या दिवशी ब्रँचला गेले तर उत्तर काय, "होऊन जाईल आबा, आठ दिवसांनी या." एवढं ऐकून आबा भर उन्हात एसटीने घरी. मला याचाच राग येतो, कारण माणूस साधा दिसला की त्याला तोंडी परत पाठवतात, आणि तोंडी बोलण्याला नंतर काही पुरावा राहत नाही.

तर असं झालं तर पहिले मशीनजवळून लगेच निघू नका. दोन-तीन मिनिटं थांबा, कधीकधी नोटा उशिरा येतात आणि तुम्ही गेल्यावर मागच्याच्या हातात पडतात. स्लिप आली तर जपून ठेवा, तिच्यावर एटीएमचा नंबर, वेळ आणि व्यवहाराचा नंबर असतो. स्लिप नाही आली तर मशीनवर लिहिलेला एटीएम नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून घ्या, मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा. स्लिपची शाई उन्हाने उडते म्हणून तिचापण फोटो काढाच.

मशीन कोणत्याही बँकेचं असो, तक्रार आपलं कार्ड ज्या बँकेचं आहे तिथेच करायची. "ते मशीन आमचं नाही, तिकडे जा" असं कोणी म्हटलं तर हलू नका.

अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच घ्या. फोनवर किंवा ॲपवर तक्रार केली तर तक्रार नंबर लिहून ठेवा. अर्जात फार लांबड लावायची गरज नाही, मी आबांसाठी एवढंच लिहिलं: माझा खाते नंबर हा, दिनांक ३ मे रोजी सकाळी अमुक वाजता अमुक नंबरच्या एटीएममधून १०,००० रुपये काढताना रोख मिळाली नाही पण खात्यातून रक्कम वजा झाली, ती परत जमा करावी आणि रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार उशिराची भरपाई द्यावी. ही परिपत्रकाची ओळ नक्की टाका, काउंटरवरच्या माणसाचा बोलण्याचा सूर बदलतो, हे मी स्वतः पाहिलंय.

त्या परिपत्रकात काय आहे तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत बँकेने पैसे स्वतःहून परत जमा करायचे, आणि नाही केले तर त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीपण तक्रारीची वाट न बघता. यात सुट्ट्या वजा होत नाहीत, कॅलेंडरचे दिवस मोजायचे. आबांचे पैसे ८ मेपर्यंत यायला हवे होते, आले २१ मेला, म्हणजे १३ दिवस उशीर, १३०० रुपये. आखाजी १० मेला होऊनपण गेली, घरात उसनवारी करावी लागली.

बँकेने ३० दिवसांत उत्तर नाही दिलं किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायचं. ऑनलाइन तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचं सीएमएस पोर्टल आहे, माहितीसाठी १४४४८ वर फोन करा, आणि नेट जमत नसेल तर चंदीगडच्या त्यांच्या केंद्राला पोस्टाने पाठवता येतं. फी काहीच नाही, वकीलपण लागत नाही, पण बँकेकडे आधी तक्रार केल्याची पोच लागते, म्हणून वर पोचेसाठी एवढं सांगितलं. पतसंस्थेचा मामला मात्र यात बसत नाही, ती सहकार खात्याकडे येते.

आणि भाऊ, एक काम अजिबात करू नका, बँकेचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधून फोन लावू नका. तिथे चोरांनी आपले नंबर टाकून ठेवलेले असतात. "पैसे परत करतो, ओटीपी सांगा" किंवा "हे ॲप टाका" म्हणाले की समजायचं, उरलेलं खातंपण साफ होणार. नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकवर असतो, तोच लावा. चुकून फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर नको.

पैसे आल्यावर पासबुक भरून घ्या आणि बघा की भरपाईची रक्कम आली का. आबांच्या पासबुकात २१ तारखेला नुसते १०,००० दिसले, १३०० नव्हतेच. पोच घेऊन परत गेलो, मागितले, तेव्हा आठवडाभराने आले.