रात्रीची लाईट, दिवसाची फवारणी आणि डास : परतीच्या पावसातली काळजी

सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या सोलापूरकडे परतीचा पाऊस झाला की सगळी कामं एकदम अंगावर येतात. घात (पेरणीजोगी ओल) आली की ज्वारीची पेरणी, डाळिंबावर तेल्या रोग येऊ नये म्हणून फवारण्या, द्राक्षाची छाटणी, उसाचं पाणी. डासांचाही हाच हंगाम. ऐन कामात घरातला एक माणूस तापाने झोपला तर पंधरा दिवस हातचे जातात, आणि अशक्तपणा त्यानंतरही राहतो. म्हणून ही काळजी पेरणीच्या तयारीइतकीच मनावर घ्या.

शेतात डासांच्या दोन पाळ्या असतात. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस दिवसा चावतो. सकाळी आणि दुपार कलल्यावर त्याचा जोर जास्त. बागेत सावलीला, झाडाच्या बुंध्याशी वाकून काम करताना तो घोट्याला, कोपराला डसतो आणि हातातल्या कामामुळे लक्षातही येत नाही. हिवतापाचा ॲनॉफिलिस अंधार पडल्यावर निघतो. शेतपंपाची रात्रीची लाईट आली की आपण दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातो, तेव्हा त्याची वेळ असते. त्यामुळे नुसतं रात्री मच्छरदाणीत झोपून भागत नाही.

आधी आपल्याच शेतात बघा. फवारणीसाठी ठेवलेला दोनशे लिटरचा ड्रम घ्या. बादलीने पाणी काढलं तरी बुडाशी चार बोटं पाणी राहतंच. बॅटरीचा उजेड टाकून ड्रमला हलकी टिचकी मारा. डोकं खाली करून लटकलेल्या बारीक अळ्या वळवळत बुडाकडे पळताना दिसतील. अंड्यापासून डास उडायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून दिलं तरी काम होत नाही, कारण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, ड्रमच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात. ती कोरडी राहून महिनोन्महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून ड्रम काथ्याने घासून धुवा, उन्हात पालथा घाला. आठवडी बाजाराचा दिवस यासाठी ठरवून टाका, म्हणजे विसर पडत नाही. जनावरांचा हौद, वस्तीवरचा रांजण, ठिबकच्या व्हॉल्व्हचा खड्डा, शेडवर ताडपत्री दाबायला टाकलेले टायर, हे सगळं त्याच दिवशी बघून घ्या. पिण्याच्या पाण्यावर घट्ट झाकण किंवा जुन्या सुती साडीचं दुहेरी फडकं बांधा.

शेततळं रिकामं करता येत नाही. त्यात गप्पी मासे सोडा. ते अळ्या खातात. मासे कुठे मिळतील हे जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. मात्र हे मासे ओढ्या-नदीत सोडू नका, आणि फवारणीचा पंप शेततळ्याच्या काठावर धुऊ नका, मासे मरतात.

अंगावर फिक्या रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. गडद रंगाकडे डास जास्त येतात, आणि तंग कापडातून सोंड आरपार जाते. बायका साडीवर घरातल्या माणसाचा जुना फुल शर्ट घालतात, ती पद्धत अगदी योग्य आहे. फक्त घोटे उघडे राहतात, तिथे मोजे घाला. रात्री पाण्यावर जाताना गमबूट घालाच, ते सापापासूनही वाचवतात. उघड्या भागाला डासांचं मलम लावा. काहींच्या डब्यावर त्यातल्या औषधाचं नाव 'डीईईटी' (DEET) असं लिहिलेलं असतं. घामाने ते निघून जातं, म्हणून दोन-तीन तासांनी पुन्हा लावावं लागतं. कपड्याखाली, जखमेवर आणि डोळ्यांजवळ लावू नका, भाकरीला हात लावण्याआधी हात धुवा. लहान मुलांच्या तळहाताला तर लावूच नका, ती हात तोंडात घालतात. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर पाण्याच्या मोटारीजवळ बसल्यावर थोडा वेळ बरा, पण त्याच्यावरच विसंबू नका; बंद खोलीत धूर करणं छातीला वाईट.

एक गोष्ट हात जोडून सांगते. पिकावरचं कीटकनाशक घरात, अंथरुणावर किंवा अंगावर कधीही मारू नका. आमच्या शेजारच्या वस्तीवर उरलेलं औषध झोपायच्या खोलीत फवारलं, आणि रात्रभर सगळ्यांना उलट्या झाल्या.

ऊसतोडीला येणारी माणसं उसाच्या फडाजवळ कोप्या (झोपड्या) टाकून जमिनीवर झोपतात. त्यांना मच्छरदाण्या देणं हे शेतमालकाचं काम आहे असं मी मानते. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचल्या तर डास तर बाहेर राहतातच, पण रात्री अंथरुणात शिरणारी मण्यारही बाहेर राहते. कोपीच्या आसपास खड्ड्यात पाणी साचू देऊ नका.

ताप आला तर 'कामाचा शीण असेल' म्हणून अंगावर काढू नका. थंडी वाजून ताप येत असेल तर आरोग्य केंद्रात रक्त तपासा. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा अंगदुखीचं इंजेक्शन घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो. ताप उतरवायला पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील तेवढीच, आणि पाणी, पेज, सरबत भरपूर. ताप उतरला की माणूस बागेत निघतो, पण डेंग्यूत जपायचे दिवस खरे तेच. पोटात सतत दुखणं, वारंवार उलटी, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, खूप गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर तासाभराची वाट न बघता गाडी काढा. तापाच्या माणसाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. त्याला चावलेला डास पुढे घरातल्यांना आजार देतो.